ऊसमळ्यातले मतदार

निवडणूक आली की शिरूर-दौंडच्या पारावर एक वाक्य हमखास कानी पडते, "अडाण्यांना मताचा अधिकार कशाला?" बोलणारा बहुधा चार बुके शिकलेला असतो. अशा मंडळींनी मॉरिशस बेटाच्या विधिमंडळाचा इतिहास जरूर वाचावा.

१८३४ पासून इंग्रजांनी या बेटावरच्या ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले. त्यांत आपले रत्नागिरीकडचे लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात. १८८६ साली तिथल्या कौन्सिलात निवडून आलेले सभासद प्रथमच बसले खरे, पण मताला मालमत्तेची अट. तीन लाखांवर वस्ती आणि मतदार चार हजारांच्या आसपास! मळेवाला आत, ऊस तोडणारा बाहेर.

१९४७ च्या नव्या घटनेने बेटावरच्या भाषांपैकी एकीत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मत दिले. मग बासुदेव विष्णुदयाल आणि त्यांचे स्वयंसेवक गावोगाव फिरले. दिवसभर राबलेली माणसे रात्री अक्षरे गिरवू लागली. बारा हजारांच्या आत असलेले मतदार सत्तर हजारांवर गेले आणि १९४८ साली १९ पैकी ११ जागा हिंदी वंशाच्या उमेदवारांनी जिंकल्या. १९५९ च्या निवडणुकीपर्यंत अक्षरांची अटही गेली. १२ मार्च १९६८ रोजी बेट स्वतंत्र झाले.

कोणी म्हणेल, बघा, अट होती म्हणूनच लोक शिकले! परमपूज्य बाबासाहेबांनी याचे उत्तर मे १९२९ मध्येच, सायमन कमिशनच्या वेळी मुंबई इलाख्याविषयी दिलेल्या स्वतंत्र अहवालात देऊन ठेवले आहे. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, असे सांगून त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. शाळेची दारे ज्यांनी बंद केली, त्यांनीच साक्षरतेचा दाखला मागावा हा कुठला न्याय? आपल्या घटनेने १९५० सालीच, म्हणजे मॉरिशसच्या नऊ वर्षे आधी, सर्व प्रौढांना मत दिले.

मताचे झाले, पण उमेदवारीचे काय? १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचे तर सातवी पास हवे, अशी अट आपल्या राज्यात २०१७ साली आली. आपल्या दोन्ही तालुक्यांत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. आईबापांबरोबर खोपीत राहिलेली, धाकट्या भावाला सांभाळता सांभाळता पाचवीतच शाळा सुटलेली पोर आज तिशीच्या घरात आहे. तिच्या गावी सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघाले, तरी सातवीच्या कागदापाशी तिचा अर्ज अडतो.