वाटणी न होणारं वावर

आजोबांचं वीस एकर वावर नातवाच्या सातबाऱ्यावर चार एकर उरतं, हे अकोला-अमरावतीकडे घरोघरी पाहायला मिळतं. धुरे वाढतात, पेरा घटतो. इस्रायलमधल्या ‘मोशाव’ या सहकारी गावाने पहिला बंदोबस्त केला तो याच वाटणीचा.

पहिलं मोशाव नहालाल. युरोपातून आलेल्या ज्यूंनी ते 11 सप्टेंबर 1921 रोजी यिझ्रेल खोऱ्यातल्या दलदलीत वसवलं. या खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी बैरूतच्या सुरसॉक घराण्याकडून विकत घेतल्या होत्या आणि त्या कसणारी अरब कुळं तिथून उठवली गेली, हेही विसरता येत नाही. वास्तुविशारद रिचर्ड कॉफमन यांनी गाव गोल आखलं: मधोमध शाळा, कचेरी, गोदामं; भोवती शेतकऱ्यांची घरं; प्रत्येक घरामागे त्याचं शेत, बाहेरच्या बाजूला रुंद होत जाणारं. वाट्याला सुमारे 100 दुनम, म्हणजे जवळपास पंचवीस एकर. किबुत्झ या दुसऱ्या प्रकारच्या सामूहिक वसाहतीत सगळंच सामाईक असे. इथे चूल वेगळी, शेत वेगळं, नफाही ज्याचा त्याचा.

जमीन मात्र ज्यू राष्ट्रीय निधीची, कुटुंबाकडे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने. तुकडे पाडायचे नाहीत. शेत पुढे एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे जाणार, बाकीच्यांनी दुसरा पोटापाण्याचा धंदा बघायचा. नियम कठोर आहे, पण शेत त्यामुळेच पोट भरण्याइतकं राहिलं. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा आपल्याकडेही आहे. पण जमीन मालकीची, म्हणून सातबारा एक राहिला तरी भावाभावांत तोंडी वाटणी होतेच.

आपल्याकडे कर्जाला सोसायटी आणि मालाला खरेदी-विक्री संघ किंवा बाजार समिती, अशी दारं वेगळी. मोशावात दार एकच, गावाच्या सहकारी संस्थेचं. बियाणं, चारा, खत तिथून उधार न्यायचं, दूध-भाजी तिथेच घालायची, हिशेब खात्यातून वळता व्हायचा. पुढे विक्री 1926 साली उभ्या राहिलेल्या ‘तनुवा’सारख्या सहकारी संघांमार्फत होई.

शेतीची सवय नसलेल्यांनाही ही घडी सावरून घेई. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू बहुतेक इस्रायलमधल्या दिमोना, लोद अशा शहरांत गेले. कोचीनच्या ज्यूंना मात्र मोशाव मिळाली. 1954 मध्ये त्यांतले काही बीरशेबाजवळच्या नेवातिमला आले आणि वाळवंटाच्या कडेला शेती शिकले.

या सगळ्याचा कणा म्हणजे परस्पर जामीनकी. एकाच्या कर्जाला अख्खं गाव जामीन, म्हणून नवख्यालाही पत मिळे. पण 1984 मध्ये महागाई 400 टक्क्यांवर गेली, ती आवरताना व्याज भडकलं आणि थकबाकीदारांचा बोजा नेटाने फेडणाऱ्यांवरही आला. अनेक मोशाव बुडायला आली. शेवटी 1992 मध्ये कर्जतडजोडीसाठी खास कायदा करावा लागला, आणि बऱ्याच गावांत प्रत्येक जण आपला माल आपणच विकू लागला.

वऱ्हाडात गटशेती करणाऱ्यांनी खत-बियाण्याची एकत्र खरेदी आणि कापूस-तुरीची एकत्र विक्री जरूर उचलावी. जामीनकीला मात्र रकमेची मर्यादा पहिल्याच सभेत, ठरावात लिहून घ्यावी.