ताबा लांबला तर?

पुणे-सातारा महामार्गामुळे नसरापूर, कापूरहोळचा परिसर घर शोधणाऱ्यांच्या टप्प्यात आला. भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांचा काही भाग 2015 मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत येतो. त्यामुळे बांधकाम परवानगी नेमकी कोणाची, हे आधी तपासावे.

ताबा ठरल्या तारखेला मिळाला नाही, तर रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याचे कलम 18 ग्राहकापुढे दोन वाटा ठेवते: घर सोडून सव्याज पैसे परत घेणे किंवा घर राखून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागणे. निवड सोपी नाही. पैसे परत मिळेपर्यंत आसपासचे दर वाढलेले असतात. थांबावे तर घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरावे लागतात. परताव्याचा आदेश झाला तरी वसुलीला वेळ लागतो, तोही हिशेबात धरायला हवा.

गावठाणालगतच्या छोट्या इमारतींबाबत अधिक जपावे. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर महारेरा नोंदणी सक्तीची नाही.

नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातील दोष कळवल्यास तो त्याने 30 दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.