व्हॉल्व्हच्या गिटार-ध्वनिवर्धकातील दोषनिदान

यंत्राचा जो भाग निकामी झालेला दिसतो, तोच दोषाचे मूळ असतो असे नाही. निर्वात नलिकांच्या, म्हणजेच व्हॉल्व्हच्या, गिटार-ध्वनिवर्धकाची दुरुस्ती हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५० नंतरच्या दशकात काढलेल्या 'चॅम्प' या लहान ध्वनिवर्धकाची ५एफ१ ही रचना येथे विचारार्थ घेता येईल. तीत तीनच व्हॉल्व्ह आहेत : वीजप्रवाह एकदिश करणारा ५वाय३, गिटारचा क्षीण संकेत वाढविणारा १२एएक्स७ आणि स्पीकरला सुमारे ५ वॅट शक्ती पुरविणारा ६व्ही६.

दोषाची पहिली साक्ष कानाला मिळते. अमेरिकेतील वीजपुरवठा सेकंदास ६० आवर्तनांचा असतो. ऐकू येणारी घरघर तेवढ्याच आवर्तनांची असल्यास व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारांची वा अर्थिंगची जोडणी तपासावी लागते. ती १२० आवर्तनांची, म्हणजे एक सप्तक वरची, असल्यास फिल्टर कंडेन्सर जीर्ण झाल्याचा संशय येतो. कारण एकदिश केलेल्या प्रवाहात प्रत्येक आवर्तनामागे दोन लाटा उरतात.

आवाज फाटत असेल आणि ६व्ही६ची प्लेट लाल होत असेल, तर व्हॉल्व्ह बदलण्याचा मोह होतो. परंतु पुष्कळदा नवा व्हॉल्व्हही तसाच तापतो. १२एएक्स७ची प्लेट आणि ६व्ही६चे ग्रिड यांच्यामध्ये ०.०२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. त्याने संकेत पुढे जाऊ द्यावा व एकदिश दाब अडवावा, अशी योजना आहे. तो गळू लागला की ग्रिडवर धन दाब येतो आणि ६व्ही६मधील प्रवाह अनावर होतो. तथापि व्हॉल्व्हमध्ये वायू शिरल्यासही ग्रिडवर असाच दाब दिसतो. म्हणून ६व्ही६ काढून क्षणभरच ग्रिडच्या जागी दाब मोजावा. तो कायम राहिला तर दोष कंडेन्सरचा. नाहीसा झाला तर व्हॉल्व्हचा.

दुरुस्तीनंतर कॅथोडच्या ४७० ओहम रोधकावर सुमारे १९ व्होल्ट आढळल्यास प्रवाह सुमारे ४० मिलिअँपियर, म्हणजे यथायोग्य, समजावा.

एक सावधगिरी मात्र प्राणरक्षणाची आहे. वीज तोडल्यावरही फिल्टर कंडेन्सरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब साठून राहू शकतो. तो रोधकामार्फत उतरवून, मीटरने शून्य झाल्याची खात्री केल्यावाचून आत हात घालू नये. चालू स्थितीतील मोजणी तर अनुभवी कारागिरानेच करावी. येथे अनुमान चुकल्यास पुन्हा तपासता येते. सावधगिरी चुकल्यास ती संधी मिळेलच असे नाही.