पार्लरमध्ये ‘चरबी घटवणारं’ मशीन घेताय? थांबा जरा!

मशीनवाला डेमो दाखवेल, हप्ता सांगेल. तुम्ही आधी विचारा, हे नेमकं करतं काय? क्रायोलिपोलिसिस थंडीने चरबीच्या पेशी मारतं. पूर्ण फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. रेडिओफ्रिक्वेन्सी उष्णतेने त्वचा थोडी घट्ट करते, पण सिटिंग बऱ्याच लागतात. वजन दोन्हींनी उतरत नाही, तेव्हा ‘दहा किलो कमी’ असा बोर्ड लावूच नका.

क्रायोत जेलपॅड दर वेळी नवा लागतो. तो खर्च दरात धरलात का? आणि क्वचित त्याच जागी चरबी उलट वाढून कडक फुगवटा येतो. तो काढायला बहुधा लायपोसक्शनच लागतं. पेसमेकरवाल्यांना तर रेडिओफ्रिक्वेन्सी चालतच नाही. हे तपासायला त्वचारोगतज्ज्ञ सोबत नसेल, तर ॲडव्हान्स देऊ नका.