बंद झालेल्या कार्डाच्या शोधात

गावाकडे इंटरनेट तारेतून येत नाही, हवेतून येतं. डोळखांब असो, किन्हवली असो की मुरबाडपलीकडचं टोकावडे, बहुतेक घरांत नेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट. म्हणून लॅपटॉपच्या पोटातलं वायफाय कार्ड गेलं की इथे अख्खा लॅपटॉपच गेल्यात जमा होतो. मुलाचा फॉर्म भरायचा राहतो, शाळेची माहिती चढवायची राहते आणि धडधाकट यंत्र कपाटावर जाऊन बसतं. मी शहापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. सगळ्यात जास्त जीव मी याच कार्डांवर लावलाय, कारण पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यासाठी लॅपटॉप भंगारात जाताना मला बघवत नाही.

शहापूर आणि मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांत नवाकोरा लॅपटॉप थोड्याच घरांत येतो. बाकी येतात ते ठाणे-कल्याणच्या ऑफिसातून निघालेले, नाहीतर मुंबईला नोकरी करणाऱ्या काकाने पुतण्याला दिलेले. शाळांचंही तसंच. आमच्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड गुरुजींनी डिजिटल वर्ग उभा केला, त्याची चर्चा राज्यभर झाली. तसं आपल्या शाळेतही व्हावं म्हणून धडपडणारे गुरुजी मी जवळून पाहिलेत. वर्गणीतून, देणगीतून मिळालेलं यंत्र त्यांना वर्षानुवर्षं पुरवायचं असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सांभाळ थांबवला. विंडोज ११ ज्यांच्यावर बसत नाही असे लॅपटॉप ऑफिसांतून निघून आता आणखी येतील.

कुणी वायफाय गेल्याचं सांगत आलं की मी लगेच स्क्रू काढत नाही. कितीतरी कार्डं ठणठणीत असतात, दुखणं दुसरीकडेच असतं. जुन्या लॅपटॉपला कडेला वायफाय चालू-बंद करायचं एक बारीक बटण असायचं. दप्तरातून नेता-आणता ते सरकतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं कारण फोनमध्ये असतं. वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुनी स्वस्त कार्डं फक्त २.४ ओळखतात. नव्या फोनचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर त्यांना तो दिसतच नाही. अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन बँड २.४ करायचा, आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू करायचं. सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीए२ वर आणायची. एवढ्यावर काम झालं तर मी पैसे घेत नाही.

तिसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. आपल्याकडे २.४ च्या पट्ट्यात १३ चॅनल वापरता येतात. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली कार्डं मात्र साधारण ११ पर्यंतचीच ऐकतात, आणि परदेशातून आलेल्या लॅपटॉपमध्ये अशी कार्डं हमखास निघतात. राउटरने आपोआप १२ किंवा १३ वा चॅनल पकडला, की शेजारच्या टेबलावर नेट चालतं आणि याच्यावर नावसुद्धा उमटत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ ठरवून टाकलं की प्रश्न मिटतो.

मग येतो पाऊस. माळशेजच्या पायथ्याच्या गावांत चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. कार्डाच्या सोनेरी टोकांवर थर धरतो आणि कार्ड कधी दिसतं, कधी गायब होतं. यंत्र बंद करून, बॅटरी काढून, कार्ड बाहेर घेऊन टोकं खोडरबराने हलक्या हाताने पुसायची, भुगा झटकायचा आणि कार्ड परत बसवायचं. कार्डावरच्या अँटेनाच्या वायरी मात्र सांभाळा. त्यांचे ते गोल, टाचणीच्या डोक्याएवढे कनेक्टर साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यापुरतेच बनवलेले असतात. ते सरळ वर उचलायचे, वायर धरून ओढायची नाही. कुठली वायर ‘मेन’ला आणि कुठली ‘ऑक्स’ला आहे ते नीट बघा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

एवढं करूनही कार्ड बोललं नाही तर मग शोध सुरू. ‘जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड द्या’ असं म्हणून ते मिळत नाही, कारण एकाच नावाखाली चार पिढ्यांचे आकार आहेत. इंटेलने २००३ मध्ये सेंट्रिनो आणलं, त्या काळातलं कार्ड मिनी पीसीआय. जवळपास ६ सेंटीमीटर रुंद. २००६ च्या सुमाराला मिनी पीसीआय एक्सप्रेस आलं, ३० मिलिमीटर रुंद आणि ५१ लांब. पुढे त्याचंच अर्धं, २७ मिलिमीटर लांबीचं. २०१३ नंतर एम.२ रुळलं, २२ बाय ३० चं. यांतलं एक दुसऱ्याच्या खाचेत सरळ बसत नाही. अर्धं कार्ड पूर्ण जागेत बसवायला पत्र्याची छोटी पट्टी मिळते, पण एम.२ च्या कार्डाचे अँटेना कनेक्टरसुद्धा आधीच्यांपेक्षा बारीक असतात. अडॅप्टर लावून ते जुन्या यंत्रात घातलं तरी वायरीपाशी अडतं.

म्हणून आधी स्टिकर वाचायचा. इंटेल ३९४५एबीजी, ४९६५एजीएन, ६२०५, ७२६० अशी नावं त्यावर असतात. स्टिकर घासला असेल तर एफसीसी आयडी शोधा. इंटेलच्या या कार्डांवर तो बहुधा पीडी९ ने सुरू होतो. कार्ड अर्धवट जिवंत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी दिसतो. त्यात ८०८६ असेल तर इंटेल, १६८सी असेल तर अथेरॉस, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, १०ईसी असेल तर रिअलटेक. विकत घेतलेल्या कार्डाचीही हीच परीक्षा. सेकंडहँड बाजारात स्टिकर बदललेला माल फिरतो. स्टिकर काहीही सांगो, आयडी खरं बोलतो.

सगळ्यात जास्त राग मला ज्याचा येतो ते आता सांगते. आयबीएम, पुढे लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये आणि एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसच्या आत मंजूर कार्डांची यादी भरलेली असायची. खाचेत अगदी नीट बसणारं, चांगलं चालणारं दुसरं कार्ड घातलं तरी थिंकपॅड ‘१८०२, अनधिकृत नेटवर्क कार्ड’ अशा अर्थाचा संदेश दाखवून तिथेच थांबतो. एचपीवर १०४ नंबरची चूक दिसते. यादीमागचं कारण असं सांगितलं जातं की रेडिओ आणि अँटेना यांची सरकारी मंजुरी एकत्र घेतलेली असते. असेल. पण कार्डाचं उत्पादन थांबल्यावर यादी उघडी करून द्यायला काय हरकत होती? भुर्दंड पडतो तो शेवटच्या मालकाला, आणि तो शेवटचा मालक आमच्याकडे राहतो. अशा यंत्रांसाठी इंटेलचा नंबर पुरत नाही. लेनोवोचा एफआरयू नंबर किंवा एचपीचा स्पेअर पार्ट नंबर जुळवावा लागतो. तेच कार्ड, तोच इंटेल, पण दुसऱ्या कंपनीसाठी छापलेलं असेल तर यंत्र ते नाकारू शकतं.

असे नंबर वहीत उतरवून मी आसनगावहून लोकल पकडते, दादरला बदलून ग्रँट रोडला उतरते. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग ही पाटी असली तरी सगळे म्हणतात लॅमिंग्टन रोड. समोरच्या झगमगीत दुकानांत जुनं कार्ड विचारलं तर डोंगल पुढे करतात. त्यांची चूक नाही. आपला माल असतो गल्लीतल्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्यांकडे, बंद यंत्रांतून काढून डब्यांत भरलेला. तिथे नाव सांगत बसू नये, जुनं कार्डच काचेवर ठेवावं. शक्य असेल तर लॅपटॉपही न्यावा, कार्ड तिथल्या तिथे लावून, नेट चालवून बघावं आणि मगच काही शे रुपये मोजावेत.

थोड्या नव्या यंत्रांसाठी एक इशारा. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला सारखीच. पण २०१ चा अर्धा मेंदू इंटेलच्या मोजक्या नव्या प्रोसेसरांत आणि चिपसेटांत बसवलेला असतो. त्यांच्याशिवाय ते निर्जीव आहे. ९२६० आणि ९५६० यांचंही तसंच. जुन्या लॅपटॉपला घ्यायचं तर २०० किंवा ९२६० घ्या.

‘ताई, यूएसबी डोंगल लावला तर?’ असं विचारतात. लावा ना. घाईत असाल तर फोन केबलने जोडूनही नेट मिळतं. पण लॅपटॉपच्या मूळ कार्डाची अँटेना स्क्रीनच्या कडेने वर चढवलेली असते. बोटाच्या पेराएवढ्या डोंगलला ती उंची आणि लांबी कुठून येणार? राउटर हेडमास्तरांच्या खोलीत आणि वर्ग दोन भिंतींपलीकडे असला की फरक जाणवतो. शिवाय मुलांच्या हातात बाहेर आलेला डोंगल टिकत नाही. लिनक्स टाकायचं असेल तर माझी पहिली पसंती जुन्या अथेरॉस कार्डांना, एआर९२८० किंवा एआर९२८५. त्यांचा ड्रायव्हर लिनक्समध्येच असतो आणि वेगळं फर्मवेअर लागत नाही, त्यामुळे नेट नसताना नेटसाठी फाइल शोधायची वेळ येत नाही.

सगळ्यात चांगला साठा मात्र मुंबईत नाही, आपल्याच माळ्यांवर आहे. स्क्रीन फुटलेला, चार्ज न होणारा लॅपटॉप भंगारवाल्याला देण्याआधी त्यातलं कार्ड काढून घ्या, लॅपटॉपचं मॉडेल चिठ्ठीवर लिहा आणि दोन्ही एका पाकिटात ठेवा.

सध्या माझ्या टेबलावर मुरबाडकडच्या एका भातगिरणीचा थिंकपॅड टी४२ आहे. त्याच्या पॅरलल पोर्टवर गिरणीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून उत्तम चालतो, म्हणून मालकांना तोच हवा आहे. मी त्यात हलकं लिनक्स टाकलंय. त्याला हवं मिनी पीसीआयचं, आयबीएमचा एफआरयू असलेलं २२००बीजी कार्ड. ते २.४ वर डब्ल्यूपीए२ ने फोनच्या हॉटस्पॉटला जोडलं जातं. ग्रँट रोडच्या दोन दुरुस्तीवाल्यांकडे नंबर लिहून ठेवलाय. कुणाच्या घरी बंद टी४२ किंवा टी४३ पडला असेल तर तो फोडायला देऊ नका, मला विकत द्या.