हातातला दोरा, बाटलीवरचे इंग्रजी

ब्युटी पार्लरचे काम मराठीतून शिकता येते, पण त्या कामातले शब्द बहुतेक सगळे इंग्रजी आहेत. फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, हेअर स्पा, पॅच टेस्ट अशी ही भाषा दुकानाच्या पाटीपासून क्रीमच्या डबीपर्यंत पसरलेली असते. त्यामुळे मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलीचा समज होतो की आधी इंग्रजी आले पाहिजे, मगच हा व्यवसाय. काही ठिकाणी ही भीती खरी आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती विनाकारण आहे. कुठे खरी आणि कुठे नाही, हे कळले तर शिकण्याचा क्रम लावता येतो.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या वस्तीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. रत्नदुर्ग किल्ल्याजवळचे हे मासेमारी बंदर. इथल्या अनेक मुसलमान घरांत कोकणी बोली, बाजारात आणि कचेरीत मराठी, काहींच्या शाळेत उर्दू, टीव्हीवर हिंदी. म्हणजे इंग्रजी येते ती चौथी किंवा पाचवी भाषा म्हणून. अशा मुलीला भाषा शिकणे नवे नसते. बंदरावर वाढलेल्या मुलीने गिऱ्हाईक पाहून बोली बदलणे लहानपणापासून ऐकलेले असते. पार्लरच्या धंद्यात हे मोठे भांडवल आहे, पण प्रशिक्षणाच्या वर्गात ते क्वचितच मोजले जाते.

मुळात हे शब्द जितके परके वाटतात तितके नाहीत. ‘शाम्पू’ हा शब्द इंग्रजांनी हिंदीतल्या ‘चाँपना’ या क्रियापदावरून अठराव्या शतकात उचलला. त्याचा मूळ अर्थ अंग चेपणे, मालिश करणे. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील ब्रायटन येथे याच नावाने वाफारा आणि मालिश देण्याचे स्नानगृह चालवले. डोके धुण्याचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. ‘मॅनिक्युअर’ आणि ‘पेडिक्युअर’ लॅटिनमधून आले : मानुस म्हणजे हात, पेस म्हणजे पाय आणि क्युरा म्हणजे निगा. ‘लॅक्मे’ हे तर लक्ष्मीचे फ्रेंच वळणाचे नाव. टाटा समूहाने १९५२ मध्ये या नावाने सौंदर्यप्रसाधने बाजारात आणली. इंग्लंडच्या मुलीलाही यांतले बरेच शब्द वर्गात बसून पाठ करावे लागतात. डबीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी तर धड इंग्रजीही नसते. ती जगभर सारख्या ठरवलेल्या नावांत असते. त्यात पाण्याला ‘ॲक्वा’ म्हणतात आणि वनस्पती लॅटिन नावाने येतात.

दोरा हातात धरून भुवया कोरायला, नववारी नेसवायला, खोपा किंवा अंबाडा घालायला, मेंदी काढायला इंग्रजीचा काही संबंध नाही. ही कामे डोळ्यांनी पाहून आणि हाताने करूनच येतात. दोन बोटांत आणि दातांत दोरा किती ताणायचा, त्वचा कुणाकडून कशी धरून घ्यायची, हे पुस्तकात लिहून सांगता येत नाही. रत्नागिरीच्या दमट, खाऱ्या हवेत मेकअप का ओघळतो आणि बेस पातळ थरांत का बसवावा लागतो, हेही तिथेच काम करून कळते.

गिऱ्हाइकाशी बोलणे हा कामाचा दुसरा मोठा भाग, आणि तो घरच्या भाषेतच चांगला होतो. वॅक्सिंगआधी विचारावे लागते : मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का, चेहऱ्याला रेटिनॉलचे क्रीम लावता का? अशा औषधांनी त्वचा नाजूक होते आणि वॅक्सबरोबर सालपट निघू शकते. गरोदरपण, मधुमेह, एखाद्या क्रीमने आलेली ॲलर्जी या गोष्टी बाई परक्या भाषेत मोकळेपणाने सांगत नाही. मिरकरवाड्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मासे साफ करणाऱ्या, कोलंबी सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवर काट्याकवचाच्या बारीक जखमा असतात, आणि बर्फामुळे व खाऱ्या पाण्यामुळे कातडी फाटलेली असते. अशा हातावर सरळ मॅनिक्युअर केले तर झोंबते आणि जंतुसंसर्गाची भीती असते. आधी हात उजेडात नीट पाहून ‘कुठे लागलंय का?’ एवढे विचारले तर काम बिघडत नाही. पडदा पाळणाऱ्या स्त्रिया फक्त बायकांसाठी असलेल्या पार्लरमध्येच येतात. त्यांच्यासाठी वस्तीतलीच, ओळखीची, आपल्या बोलीत बोलणारी मुलगी ही मोठ्या शहरातल्या कोणत्याही पदविकेपेक्षा विश्वासाची असते.

इंग्रजी खरोखर लागते ते बाटलीपाशी, आणि तिथे चूक महागात पडते.

‘पील-ऑफ मास्क’ आणि ‘केमिकल पील’ या दोन शब्दांत ‘पील’ सारखाच आहे. पहिला म्हणजे चेहऱ्यावर वाळवून सोलून काढायचा लेप. दुसरे म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणे, जे त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीचे काम आहे. ‘रिमूव्हर’ तीन प्रकारचे असतात : नखांचे पॉलिश काढायचा, मेकअप काढायचा आणि केस काढायचा. नेलपॉलिशच्या रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असते. तो डोळ्यांजवळ चालत नाही आणि तो पेटतो, त्यामुळे वॅक्सच्या हीटरशेजारी ठेवायचा नाही. ‘टोनर’ चेहऱ्याचा वेगळा, रंगवलेल्या केसांचा वेगळा. ‘प्रायमर’ मेकअपआधी लावायचा निराळा आणि नखांचा निराळा. हे सगळे एका कपाटात, सारख्याच पांढऱ्या बाटल्यांत उभे असतात. जिला फक्त शब्दाचा आवाज ओळखता येतो आणि अक्षरे वाचता येत नाहीत, तिच्याकडून चूक होणारच. म्हणून बाटलीवरचे इंग्रजी पहिल्या आठवड्यापासून शिकवावे. हात तयार झाला की मग भाषा पाहू, असे म्हणणारा प्रशिक्षक शिकणारीला आणि तिच्या गिऱ्हाइकालाही धोक्यात घालतो.

केस रंगवण्याच्या कामात शब्दांपेक्षा आकडे महत्त्वाचे असतात. डेव्हलपरच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० ‘व्हॉल्यूम’ लिहिलेले असते. या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते, आणि २० व्हॉल्यूमचा अर्थ असा की त्याच्या एका मापातून वीस मापे ऑक्सिजन सुटतो. १० व्हॉल्यूम म्हणजे सुमारे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. वाक्य वाचता आले नाही तरी हा आकडा वाचता आलाच पाहिजे, कारण ४० व्हॉल्यूम टाळूला लागला तर चटका बसतो. पीएचचेही तसेच. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. साबण त्याच्या बराच वर असतो, म्हणून सारखा साबण लावलेली त्वचा कोरडी पडते.

हेअर डायमधील पॅराफिनिलीनडायमिन या घटकाने काहींना जबर ॲलर्जी होते. झटपट काळी रंगणारी जी ‘काळी मेंदी’ मिळते, तिच्यातही हा घटक मिसळलेला आढळतो. हा घटक असलेल्या डायच्या वेष्टनावर धोक्याची सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापणे भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे : आधी चाचणी करावी, आणि पापण्या किंवा भुवया रंगवू नयेत, कारण त्याने अंधत्व येऊ शकते. चाचणी म्हणजे कानामागे थोडा रंग लावून किमान २४ तास थांबणे. अनेक प्रशिक्षक ४८ तास थांबायला सांगतात. खोका फेकून फक्त आतली ट्यूब कपाटात ठेवायची सवय अनेक पार्लरमध्ये असते, आणि समजेल अशा भाषेतली सविस्तर माहिती त्या खोक्याबरोबर आणि आतल्या पत्रकाबरोबर कचऱ्यात जाते.

शब्द शिकण्याची चांगली रीत म्हणजे वहीत रकाने पाडणे. पहिल्या रकान्यात बाटलीवरून जसाच्या तसा उतरवलेला इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्याचा देवनागरी किंवा उर्दू उच्चार, तिसऱ्यात आपल्या बोलीतला अर्थ आणि चौथ्यात ती वस्तू कुठे लावायची नाही हे. चौथा रकाना सर्वांत उपयोगी पडतो. शिकाऊ मुलीने रोज पाच बाटल्या वाचल्या तर एका छोट्या पार्लरचे कपाट महिनाभरात वाचून होते. ‘पेटणारे’, ‘डोळ्यांपासून दूर’, ‘धुवून टाका’, ‘वापराची मुदत’ अशा अर्थांचे मोजके शब्द प्रत्येक बाटलीवर पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे पाठांतराचे ओझे वाटते त्यापेक्षा हलके असते.

शिक्षण कोणत्या भाषेत द्यावे, हा वाद कोकणाला नवा नाही. याच जिल्ह्यातील खेड तालुक्यात शेरवली येथे १८५८ मध्ये जन्मलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा शिकवण्याचे माध्यम मातृभाषा ठेवले आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला. पार्लरच्या प्रशिक्षणालाही हीच मांडणी लागू पडते : समजावणे आपल्या भाषेत, इंग्रजी हा एक विषय म्हणून.

प्रशिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत वापरातली वाट म्हणजे ओळखीच्या पार्लरवालीच्या हाताखाली शिकणे. हात लवकर बसतो, पण प्रमाणपत्र मिळत नाही, आणि शिकवणारीच्या चुकाही वारशाने येतात. दहावी उत्तीर्ण मुलीसाठी आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याचे प्रमाणपत्र देशभर चालते, आणि त्यात संभाषणाच्या इंग्रजीसह रोजगार कौशल्ये हा विषयही असतो. ज्यांची शाळा लवकर सुटली त्यांच्यासाठी जन शिक्षण संस्थान ही केंद्राची योजना आहे. तिची सुरुवात १९६७ मध्ये मुंबईत वरळीला ‘श्रमिक विद्यापीठ’ म्हणून गिरणगावच्या कामगारांसाठी झाली. निरक्षर आणि नवसाक्षरही तिथे शिकू शकतात.

बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांची कल्पना कर्नाटकात उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेवरून आली. २००९ पासून केंद्र सरकारने ती देशभर नेली. इथे ब्युटी पार्लरचा साधारण महिनाभराचा निवासी वर्ग मोफत असतो आणि शिकवणे स्थानिक भाषेत होते. ग्रामीण कुटुंबांना प्राधान्य असल्याने शहराला लागून असलेल्या वस्तीतल्या मुलीने पात्रता आधीच विचारून घ्यावी. फी भरून करायचा कोणताही खासगी क्लास निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात : परीक्षा कोणत्या भाषेत होते, प्रात्यक्षिक किती जणींवर करायला मिळते आणि प्रमाणपत्र कोण देते. चकचकीत माहितीपत्रकावर याची उत्तरे सहसा नसतात.

वेळेचेही गणित आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. मासळीवर घर चालवणाऱ्या बायकांना थोडा वेळ मिळतो तो याच ६१ दिवसांत, पण हातात पैसा नसतो. मोफत, महिनाभराचा वर्ग या काळात ठेवला तर बंदरावरच्या मुली आणि त्यांच्या आया दोघींना तो झेपतो. जानेवारीत ठेवलेला तोच वर्ग त्यांच्यासाठी नसल्यासारखाच.

परदेशी जायचे असेल तर हिशेब बदलतो. कोकणातून आखातात नोकरीला जाण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिथल्या सलूनमध्ये हिंदी-उर्दू जाणणाऱ्या गिऱ्हाईक स्त्रिया भेटतात. पण करार इंग्रजीत किंवा अरबीत असतो. तो समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. दहावी उत्तीर्ण व्यक्तीचा पासपोर्ट ‘इमिग्रेशन चेक’ लागत नाही अशा गटात जातो. दहावी न झालेल्यांना आखाती देशांत कामासाठी जाताना सरकारी परवानगी लागते, आणि स्त्रियांना त्यासाठी ३० वर्षे वयाची अट आहे. एजंट नोंदणीकृत हवा; त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. पार्लरची नोकरी सांगून घरकामाचा व्हिसा हातात ठेवला जात असेल, तर व्हिसावरचा कामाचा प्रकार वाचता येण्याइतके इंग्रजी मुलीला वाचवू शकते.

इंग्रजी न येणाऱ्यांनी हा व्यवसाय मोठा केल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील निर्वासितांच्या छावणीत अभिनेत्री टिपी हेड्रन यांनी वीस व्हिएतनामी स्त्रियांसाठी नखांच्या कामाचे शिक्षण आणि परवाना मिळण्याची सोय केली. आज तिथल्या नेल सलूनच्या धंद्यात व्हिएतनामी लोकांचा फार मोठा वाटा आहे, आणि कॅलिफोर्नियात परवान्याची लेखी परीक्षा व्हिएतनामी भाषेतही देता येते. परीक्षेची भाषा बदलली की कोणाला काम मिळते तेही बदलते. आपल्याकडच्या दोऱ्याची गोष्टही तिथल्या न्यायालयात गेली. टेक्सासमध्ये भुवया कोरणाऱ्यांना ७५० तासांचे प्रशिक्षण घेऊन परवाना काढावा लागे, आणि त्यातल्या सुमारे ३२० तासांचा थ्रेडिंगशी संबंध नव्हता. २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट थ्रेडिंग करणाऱ्यांपुरती रद्द केली.

घरच्या गावी स्वतःचे पार्लर काढायला इंग्रजीची अडचण सर्वांत कमी. मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानाला महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त सूचना द्यावी लागते, आणि तो अर्ज मराठीत भरता येतो. खुर्ची, आरसा, स्टीमर, वॅक्स हीटर अशा सुरुवातीच्या खर्चासाठी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. दरपत्रक मराठीत आणि उर्दूत लावावे, कामाची नावे गिऱ्हाईक म्हणते तशीच लिहावीत : आयब्रो, फेशियल, मेंदी, नवरीचा मेकअप. कपाटातल्या प्रत्येक बाटलीवर मात्र मूळ लेबलाला धक्का न लावता शेजारी मराठी किंवा उर्दू चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे हाताखाली नवी मुलगी आली तरी पहिल्या दिवसापासून ती बाटली ओळखेल.