बॉनेट तेच, आतलं काळीज नवं

19 मे 2018. विंडसरच्या किल्ल्यातून प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल निघाले ते निळसर रंगाच्या, उघड्या टपाच्या जॅग्वार ई-टाइपमधून. गाडी 1968ची, पण तिला ना धूर होता, ना इंजिनाची घरघर. ही होती विजेवर चालणारी ‘ई-टाइप झीरो’.

जुन्या गाडीत बॅटरी बसवताना खरी अडचण वजनाची असते. वजन वाढलं किंवा मागेपुढे सरकलं, की स्प्रिंग, ब्रेक, स्टीअरिंग, सगळ्यांचाच हिशेब चुकतो. जॅग्वारच्या अभियंत्यांनी त्यावर सुरेख तोड काढली. त्यांनी 40 किलोवॅट-तासांची बॅटरी मूळच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाएवढ्याच आकाराची आणि साधारण तेवढ्याच वजनाची बनवली व त्याच जागी ठेवली. तिच्यामागे, गिअरबॉक्सच्या जागेवर, 220 किलोवॅटची मोटर आली. त्यामुळे सांगाडा, सस्पेन्शन, ब्रेक यांना हात लावावाच लागला नाही. उलट गाडी 46 किलोंनी हलकी झाली! हेडलाइट जुन्याच घाटाचे, पण एलईडीचे. डॅशबोर्डही नव्या धर्तीचा.

एका चार्जिंगमध्ये सुमारे 270 किलोमीटर, हा कंपनीचा अंदाज.

तरीही ही गाडी ‘ऐतिहासिक’ म्हणायची का? जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाला ते मान्य नाही. रूपांतर करायचंच असेल, तर ते उलटवता येईल असं करा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा, असा त्यांचा सल्ला आहे. तो अगदी रास्त वाटतो. झीरोची रचना तशीच आहे: मनात आलं, तर जुनं इंजिन पुन्हा त्याच जागी बसवता येतं.